साबची लांबलेली सुट्टी

सिक्स्टेन आल्मने आयुष्यात दुसरं काही केलं असेल-नसेल, गाड्या मात्र रिव्हर्समध्ये टाकल्या. स्वीडनमधल्या ट्रोलहेत्तानच्या साब कारखान्यात गाड्या जुळवणारा बेल्ट जिथं संपतो, तिथं तो चौतीस वर्षं उभा होता. तयार गाडी पुढ्यात आली की आत बसायचं, चालू करायची, दिवे, वायपर, हॉर्न बघायचे, बाहेर नेऊन ओळीत लावायची, रिव्हर्स टाकायचा आणि किल्ली काढून घ्यायची. साबची किल्ली इतर गाड्यांसारखी स्टिअरिंगपाशी नसते. ती खाली, दोन सीटच्या मध्ये, गिअरच्या मागे लागते आणि रिव्हर्स टाकल्याशिवाय निघत नाही. असं का, म्हणून गावात विचारलंत तर चार जण चार कारणं सांगतील आणि चौघांचंही कारण ठाम असेल. मराठी कानाला साब म्हटलं की कमरेत वाकावंसं वाटतं. ट्रोलहेत्तानमध्येही वाकतात, पण ते किल्ली लावायला.

ही कंपनी मुळात विमानवाल्यांची. युद्ध संपलं, आता विमानं कोण घेणार, तर म्हणाले गाडी काढू. पहिल्या सोळा इंजिनिअरांपैकी लायसन्स म्हणे दोघांकडेच होतं. बाकीच्यांना गाडी रस्त्यावरून जाते हे ऐकून माहीत होतं. त्यामुळे त्यांनी जे केलं ते थेंबासारखं गुळगुळीत निघालं आणि उतारावर फटफट करत पळालं. सिक्स्टेन पंचावन्न साली, सतरा वर्षांचा असताना तिथं चिकटला. नंतर टर्बो इंजिन आलं आणि साबचे दिवस पालटले. प्राध्यापक, दातांचे डॉक्टर, घरांचे नकाशे काढणारे लोक साब घेऊ लागले. ज्यांना शेजाऱ्यापेक्षा वेगळं दिसायचं होतं, पण तसं दिसायचंय हे शेजाऱ्याला कळू द्यायचं नव्हतं, असे सगळे. अडचण एवढीच होती की असल्या लोकांच्या जिवावर एक कॅफे चालतो, कारखाना चालत नाही. मग अमेरिकन मालक आले, मग ते गेले, मग एक चिमुकली डच कंपनी आली, आणि दोन हजार अकराच्या एप्रिलमध्ये बेल्ट थांबला.

सिक्स्टेन तेव्हा आठ वर्षांचा पेन्शनर होता. तरी रोज सकाळी थर्मास घेऊन कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन यायचा. बेल्ट थांबला तेव्हा तो घरी येऊन बायकोला म्हणाला, "सुटे भाग आले नाहीत. येतील."

जुलैत म्हणाला, "उन्हाळ्याची सुट्टी आहे." तेवढं खरं होतं, कारण जुलैत चार आठवडे कारखाना दर वर्षी बंदच असायचा. ट्रोलहेत्तानमध्ये जन्मतारखा सांगतानासुद्धा सुट्टीच्या आधी की नंतर असं सांगतात. सप्टेंबरमध्येही तो सुट्टीच म्हणाला. ऑक्टोबरमध्ये म्हणाला, "सुट्टी जरा लांबलीये." डिसेंबरच्या एकोणीस तारखेला, सोमवारी, कंपनीने कोर्टात दिवाळखोरी जाहीर केली. गावातल्या बाया-बाप्यांनी चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या, टीव्हीवाले मिश्या असलेल्या कामगारांना शोधून शोधून रडवत होते. सिक्स्टेनला विचारलं तर तो म्हणाला, "आता नाताळची सुट्टी. नंतर बघू."

गुनब्रिटने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला एकदाही टोकलं नाही. तिचे दोन्ही खुबे गेलेले होते, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कपाटाएवढी. दर मंगळवारी सिक्स्टेन तिला गाडीत घालून उद्देवाल्लाच्या कोमट पाण्याच्या तलावावर न्यायचा आणि रविवारी ग्रेस्टोर्पला तिच्या बहिणीकडे. गाडी वीस वर्षांची लाल साब ९००. तिची सीट इतकी खाली होती की गुनब्रिटला आत बसवायचं म्हणजे वाकून, मान धरून, पाय उचलून घालावे लागायचे. पण त्या पाण्यात अर्धा तास तिला काही दुखायचं नाही. आठवड्यातला तेवढाच अर्धा तास. नवरा फॅक्टरीला सुट्टी आहे म्हणतोय तर म्हणू दे, मंगळवार चुकवत नाही ना, असा तिचा रोकडा हिशेब होता.

त्यांची एकुलती एक मुलगी उल्रिका व्होल्वोत पडली होती. म्हणजे तिचा नवरा स्टाफन गोथेनबर्गला व्होल्वोत इंजिनिअर होता. ट्रोलहेत्तानच्या माणसाने मुलगी व्होल्वोत द्यावी ही गोष्ट सिक्स्टेनने लग्नाच्या भाषणात मोठ्या मनाने माफ केली होती आणि पुढची एकोणीस वर्षं दर जेवणात आठवण करून दिली होती. स्टाफन भला माणूस. त्याने तळ्याकाठच्या झोपडीवर एक जुनी व्होल्वो २४० ठेवली होती, विटेसारखी चौकोनी, आणि तिला तो मुलांपेक्षा जास्त वेळा धुवायचा.

तर दोन हजार बाराच्या मिडसमरला, म्हणजे जूनमधल्या मोठ्या दिवसाच्या सणाला, सगळे त्या झोपडीवर जमले. अंगणात पानाफुलांनी मढवलेला खांब उभा केला होता. जिथं टेबल मांडायचं तिथं नेमकी २४० उभी, आणि स्टाफन तळ्यात पोहत होता.

"पप्पा, ती गाडी जरा वर झाडाखाली लाव ना," उल्रिका म्हणाली.

सिक्स्टेन आत बसला. त्याचा उजवा हात आपोआप दोन सीटच्या मध्ये खाली गेला आणि तिथं चाचपडू लागला. खिडकीतून उल्रिका बघत होती. हात खाली गेला, पुढे गेला, मागे गेला, सीटखाली जाऊन एक जुनं चॉकलेट घेऊन आला.

"पप्पा, काय शोधतोयस?"

"भोक."

"कसलं भोक?"

"किल्लीचं गं. कुठं ठेवतात हे लोक?"

"पप्पा, ते समोर आहे. स्टिअरिंगजवळ. सगळ्या जगात तिथंच असतं."

"सगळ्या जगाचं मला सांगू नकोस," सिक्स्टेन म्हणाला आणि गाडी चढावर नेऊन झाडाखाली लावली, तोंड झाडाकडे, पाठ अंगणाकडे. मग रिव्हर्स टाकला, किल्ली काढली. हँडब्रेक ओढला नाही. रिव्हर्समध्ये गाडी अडकलेलीच असते आणि हँडब्रेक थंडीत गोठतो, हे ट्रोलहेत्तानमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जून महिना होता हे खरं, पण हाताला महिने कळत नाहीत.

जेवताना हेरिंग मासे झाले, नवे बटाटे झाले, स्नॅप्स दारूचे तीन पेले झाले. स्टाफनने सहज विचारलं, "सिक्स्टेन, ऐकलंस का, कुणीतरी कारखाना घेतलाय म्हणे. बॅटरीवरच्या गाड्या काढणार."

"असतील काढत. सुट्टी संपली की बघू."

"सुट्टी?" स्टाफनने उल्रिकाकडे बघितलं. उल्रिकाने बटाट्याकडे बघितलं.

मग नाचायची वेळ झाली. शेजारपाजारची पंधरा-वीस माणसं खांबाभोवती फेर धरून, गुडघ्यात वाकून बेडकासारखी उड्या मारू लागली. स्वीडिश माणसाला वर्षातून एवढा एकच दिवस उड्या मारताना लाज वाटत नाही. स्टाफनला वाटलं, गाडीतली कॅसेट लावू. तो किल्ली घेऊन वर गेला, दार उघडायचा कंटाळा म्हणून खिडकीतून कमरेपर्यंत आत वाकला, किल्ली घातली, आणि कॅसेटपुरती फिरवायची ती जरा जास्तच फिरवली.

गाडीने एक उडी मारली, मग चालू झाली आणि डुलत डुलत पाठमोरी उतरू लागली. स्टाफनचं वरचं अंग आत, पाय बाहेर. तो आतून काहीतरी ओरडत होता, पण कॅसेटही नेमकी लागली होती. बेडूक भराभर बाजूला झाले. २४० ने खांबाला हळूच ढुशी दिली, खांब थोडा विचार करून आडवा झाला, तो नेमका स्ट्रॉबेरीच्या केकवर. मग गाडी बंद पडली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. स्टाफनची पँट तेवढी दाराच्या हँडलला राहिली.

"रिव्हर्समध्ये कोण ठेवतं गाडी?" स्टाफन चड्डीवर उभा राहून म्हणाला. "आणि हँडब्रेक न लावता? उतारावर?"

"क्लच न दाबता गाडी कोण चालू करतं?" सिक्स्टेन म्हणाला. "तेही खिडकीतून?"

"मी चालू करत नव्हतो, मी गाणी लावत होतो!"

"मग रेडिओ घे. गाडी कशाला घेतलीस?"

गुनब्रिट खुर्चीत बसून केकमधल्या वाचलेल्या स्ट्रॉबेऱ्या वेचत होती. ती म्हणाली, "या घरात माझेच खुबे गेले होते ते बरं. बाकीचे पळू तरी शकले."

सगळे हसले, पण उल्रिका हसली नाही. तिने त्या दिवशी तीन गोष्टी पाहिल्या होत्या. बाप किल्लीची जागा विसरला. बापाने गाडी भलत्याच गिअरमध्ये ठेवली. आणि बंद पडलेल्या कारखान्याला सुट्टी आहे असं बाप सगळ्यांदेखत, डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला. तिच्या एका मैत्रिणीचा बाप असाच हळूहळू विसरत गेला होता आणि एके दिवशी उलट्या दिशेने हायवेवर चढला होता. उल्रिकाला त्या रात्री झोप आली नाही. सोमवारी तिने ट्रोलहेत्तानच्या आरोग्य केंद्रात फोन केला.

वेळ मिळाली ती ऑगस्टची. जुलैत स्वीडनमध्ये वेडं व्हायची सोय नाही, डॉक्टर तळ्याकाठी असतात.

सिक्स्टेनला कळलं तेव्हा तो दोन दिवस फाटकावरून उशिरा घरी आला. तिसऱ्या दिवशी गुनब्रिटला म्हणाला, "डॉक्टरने पत्र पाठवलं की लायसन्स जातं."

"ठाऊक आहे."

"मग मंगळवारचं काय?"

"मग मी बाथरूममध्ये उभी राहीन आणि तू बादलीने पाणी ओत," गुनब्रिट म्हणाली. पण म्हणताना तिने मांडीवरची चादर उगाच दोनदा सारखी केली. ती घाबरली होती. त्रेपन्न वर्षांत सिक्स्टेनने तिला घाबरलेलं फार वेळा पाहिलं नव्हतं, आणि त्याला स्वतःचा राग आला.

"तुला वाटतं का मला वेड लागलंय?"

"तुझ्या मेंदूची तपासणी करायची तर मी लग्नाआधीच करून घेतली असती. आता काय उपयोग." मग म्हणाली, "ते विचारतील तसं सांग म्हणजे झालं. जे विचारतील ते. कळलं?"

त्याला कळलं होतं. ते नेमकं काय विचारतील, तेही.

डॉक्टर मालिन एकडाल पस्तिशीची, दक्षिणेकडून नुकतीच बदलून आलेली. तिचं बोलणं सिक्स्टेनला तोंडात गरम बटाटा ठेवल्यासारखं वाटलं. उल्रिका भिंतीजवळच्या खुर्चीत पर्स घट्ट धरून बसली.

"सुरू करू या, सिक्स्टेन?" डॉक्टर म्हणाली. इथं राजा सोडला तर सगळं अरे-तुरेच.

"तू कुठली गाडी चालवतेस?"

"सायकल."

"मग चालेल," सिक्स्टेन म्हणाला. सायकल त्याला तटस्थ वाटली.

तारीख, वार, ऋतू, कुठला मजला, सगळं त्याने बरोबर सांगितलं. तिने तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: लिंबू, होडी, छत्री. घड्याळ काढायला सांगितलं, तर त्याने मिनिटांच्या साठही रेघा घातल्या आणि खाली काच कुठल्या बाजूने बसते तेही काढलं.

"आता शंभरातून सात वजा कर, आणि येईल त्यातून परत सात, असं करत जा."

"त्र्याण्णव," सिक्स्टेन म्हणाला आणि थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं.

"पुढे?"

"ती साब पंचावन्न सालच्या डिसेंबरात आली. तीन सिलिंडर. मी आलो त्याच वर्षी. समोरची काच अजून दोन तुकड्यांची."

डॉक्टरने पेन उचललं. "मी वजाबाकी विचारली, सिक्स्टेन."

"मग शहाऐंशी. शहाऐंशी नावाची गाडी कुणी काढलीच नाही. एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. ह्याही नाहीत. तू शंभरातून एक वजा करायला सांगितलं असतंस तर नव्याण्णव आली असती. त्या गाडीपासून किल्ली खाली गेली."

"किल्ली," डॉक्टरने समोरच्या कागदावर बघितलं. "तुझ्या मुलीने लिहिलंय की तुला किल्लीची जागा सापडली नाही."

"व्होल्वोत सापडली नाही. माझ्या गाडीत सापडते. माझ्या गाडीत तुला सापडते का बघ."

"आणि रिव्हर्समध्ये ठेवलीस."

"बाहेर पार्किंगमध्ये जा," सिक्स्टेन म्हणाला. "जेवढ्या साब आहेत तेवढ्या सगळ्या रिव्हर्समध्ये आहेत. सगळं गाव वेडं असेल तर मला एकट्याला का बोलावलंस?"

डॉक्टर हसली आणि तिने काहीतरी खोडलं. उल्रिकाची पर्स जरा सैल झाली. लिंबू, होडी, छत्री तिन्ही त्याला आठवले. मग डॉक्टरने पान उलटलं.

"एकच राहिलं. इथं लिहिलंय, साबचा कारखाना सुट्टीवर आहे असं तू म्हणतोस."

सिक्स्टेनने खिडकीबाहेर बघितलं.

"तो कुणीतरी घेतलाय," तो म्हणाला. "बॅटरीवरच्या गाड्या काढणार आहेत. पेपरात आलं होतं जूनमध्ये."

"ते मला माहीत आहे. मी इमारतीचं विचारत नाहीये, साबचं विचारतेय."

"लोक येतील, बेल्ट चालू होईल."

"सिक्स्टेन," डॉक्टर म्हणाली. तिचा आवाज कडक नव्हता, आणि त्यामुळेच त्याला जास्त त्रास झाला. "जे खरंच झालंय ते तुला माहीत आहे की नाही, एवढंच मला बघायचंय. सुट्टी आहे असं तुला वाटत असेल तर मला पत्र पाठवावं लागेल."

त्याला मंगळवार दिसला. कोमट पाण्यात पाठीवर तरंगणारी, डोळे मिटलेली गुनब्रिट दिसली. तो मोठ्या मनाचा असता तर लगेच बोलला असता. पण तो आडमुठा होता, आणि सव्वा वर्ष त्याने ते वाक्य तोंडातून बाहेर येऊ दिलं नव्हतं. बायकोसमोर नाही, फाटकाशी भेटणाऱ्या दोस्तांसमोर नाही, आरशासमोरसुद्धा नाही. कारखान्यात कमरेत वाकून त्याने लाखो वेळा किल्ली काढली होती. दर वेळी त्याला वाटायचं, ही गाडी आता कुठंतरी जाणार. उल्रिका म्हणाली, "पप्पा," आणि डॉक्टरने हाताने तिला थांबवलं.

"साब गेली," सिक्स्टेन म्हणाला. मग घसा खाकरला, कारण ते नीट ऐकू आलं नव्हतं. "साब बंद पडली. गेल्या डिसेंबरात, एकोणीस तारखेला. सोमवार होता. मी नाताळचं हॅम उकडत होतो. रेडिओवर सांगितलं. मी रेडिओ बंद केला आणि हॅम करपलं."

डॉक्टरने कागदावर खूण केली. "बरोबर. एक गुण."

"एकच?"

"प्रत्येक बरोबर उत्तराला एकच असतो."

"साबने बासष्ट वर्षं गाड्या काढल्या," सिक्स्टेन म्हणाला. "एक गुण."

डॉक्टरने जे कामाचं होतं ते सांगितलं. तीसपैकी एकोणतीस. एक गेला तो वजाबाकीत भलतंच बोलण्याबद्दल. पत्र जाणार नाही, लायसन्स राहील. दुसऱ्याची गाडी चालवलीच तर हँडब्रेक लावायचा.

बाहेर व्हरांड्यात उल्रिका त्याच्यासमोर उभी राहिली. तिचं नाक लाल झालं होतं.

"मला वाटलं तुला खरंच माहीत नाहीये, पप्पा. देवाशपथ, मला तेच वाटलं."

"नुसतं वरवर माहीत असतं तर चारचौघांसारखा बोललो असतो की. रडलो असतो टीव्हीवर. मिशीही आहे मला." त्याने मिशीवरून बोट फिरवलं. "माहीत होतं म्हणून सुट्टी म्हणत होतो गं."

तिने त्याच्या कोटाची बाही धरली आणि सोडली नाही. दोघं तसेच लाल ९०० पर्यंत आले. सिक्स्टेनने खिशातून किल्ली काढली, तिच्याकडे पाहिलं आणि ती उल्रिकाच्या हातात दिली.

"तू चालव."

"अरे पण लायसन्स राहिलंय ना तुझं."

"राहिलंय," सिक्स्टेन म्हणाला. "पण आत्ता मला काही दिसत नाहीये."